अमानतीची जर्मन गाडी

दुपारी डुलकी लागली की अजूनही मला कधीकधी तो आवाज येतो. मोटारसायकलीचा म्हणावा असा तो आवाज नव्हताच. फटफट नाही की डुगडुग नाही. लांब खळ्यावर कुणीतरी ज्वारी पाखडतंय आणि वाऱ्यामुळं ते कधी ऐकू येतंय, कधी नाही, असं काहीतरी सावकाश, मऊ. झोपेत मला वाटतं, दादा आले. जाग येते तेव्हा समोर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा असतो आणि गेवराईच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून चाललेला असतो.

वडिलांना मी दादा म्हणायचे. मी एकुलती एक, आता गेवराईत शाळेत शिकवते. घर आणि शेत उमापूरला, आई तिथंच राहते. त्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीत, कडब्याच्या पेंढ्यांशेजारी, माझ्या जन्माच्या आधीपासून एक जर्मन मोटारसायकल उभी होती. काळीभोर. टाकीवर हातानं ओढलेल्या बारीक पांढऱ्या रेघा. इंजिनाचे दोन गोल दोन्ही अंगांना बाहेर आलेले, कमरेवर हात ठेवून भांडायला उभी राहिलेली बाई असावी तसे. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्यातून कवडसे तिच्या टाकीवर पडायचे आणि दिवसभर हळूहळू सरकत राहायचे. सुट्टीत मी पेंढीवर बसून ते कवडसे मागच्या सीटपर्यंत पोचायची वाट बघायचे. मला दुसरा उद्योग नव्हता.

पहिल्यांदा बघणारा प्रत्येक माणूस खाली वाकून विचारायचा, "हिची चैन कुठं हाय?" चैन नव्हतीच. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत नळीच्या आत एक दांडा फिरायचा. पण हे पटवून घ्यायची कुणाची इच्छा नसे. जर्मन गाडीची चैन चोरीला गेलीय आणि तरी ती पळते, ही बातमी जास्त गोड होती, म्हणून तीच गावात टिकली.

पुढं मी तिच्या घराण्याचं थोडंफार वाचलं. पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनांना विमानाची इंजिनं करायला मनाई झाली. तेव्हा तशी इंजिनं करणाऱ्या एका कारखान्यानं हात रिकामे राहू नयेत म्हणून मोटारसायकली करायला घेतल्या. दोन्ही बाजूंचे ते गोल वाऱ्यात राहावेत, तापू नयेत, म्हणून बाहेर काढलेले. चैन नाही, म्हणजे धुळीत तिला तेल पाजत बसायला नको. मोठी टाकी, रुंद सीट, मागं सामानाची पेटी. सगळं कशासाठी, तर माणसानं देशामागून देश ओलांडत जावं म्हणून. आणि आमची ही बया एवढे देश ओलांडून आली ती उमापूरजवळच्या फाट्यापुढं कधी गेली नाही.

ती आली ती एका गोऱ्या पाव्हण्याबरोबर. आईच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तो माणूस जर्मनीपासून गाडी चालवत निघालेला, वेरूळ बघून दक्षिणेकडं चाललेला, आणि वाटेत त्याला कावीळ झाली. दादांना तो रस्त्याकडेच्या लिंबाखाली सापडला. डोळे हळदीसारखे पिवळे, आणि तरी एक हात गाडीवर. दादा कॉलेजात दोन वर्षं काढून आलेले, त्यांना मोडकंतोडकं इंग्रजी यायचं. त्यांनी त्याला बैलगाडीत घातलं, गाडी मागं बांधली आणि शेतावर आणलं. दोन महिने तो त्या पत्र्याच्या खोलीत राहिला. उसाचा रस, ताक, बिनतेलाची भाजी, भाकरी, सगळं आईच्या हातचं.

आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर साखर, चार दाणे, काही नाही तर झाडाचं पान, पण काहीतरी घालूनच द्यायचं. पाव्हणा मात्र ताट-वाटी घासूनपुसून रिकामी परत द्यायचा. नव्या नवरीला वाटलं, माणूस माजोरी दिसतोय. शेवटी एक दिवस तिनं त्याच्यासमोर रिकामी वाटी उपडी करून कपाळाला हात लावून दाखवला, मग त्यात ज्वारीचे दाणे टाकून हसून दाखवलं. त्याला बरोबर कळलं. तेव्हापासून वाटीतून बोरं यायला लागली, बाभळीची पिवळी फुलं यायला लागली. एकदा काहीच सापडलं नाही तर त्यानं गाडीचा एक नट घालून वाटी परत केली. तो नट अजून आईच्या कुंकवाच्या करंड्यात आहे.

उठून हिंडायला लागला तरी गाडी चालवण्याएवढी ताकद त्याला आली नाही. दादांनी त्याला मुंबईपर्यंत नेऊन विमानात बसवून दिलं. परत आल्यावर त्यांनी चार माणसांत सांगितलं, "गाडी अमानत हाय. पाव्हणा येईस्तोवर आपल्यापाशी ठिवलीय. चालू ठिवा म्हणला, बस."

अमानत हा शब्द आमच्याकडं जड आहे. निजामाच्या राज्यातून उरलेला. तो उच्चारला की माणूस एक पाऊल मागं सरकतो. नाहीतर ती गाडी गावात एक आठवडा टिकली नसती. भावकीला बाजाराला जायला हवी, पुढाऱ्याला प्रचाराला हवी, नवरदेवाला मारुतीच्या पाया पडायला घोड्याऐवजी हवी. दादा प्रत्येकाला चहा पाजायचे आणि हळहळून म्हणायचे, "माजी असती तर किल्ली तुमच्या हातात दिली असती. पर दुसऱ्याची अमानत हाय." किल्ली म्हणजे तरी काय, दिव्याच्या डोक्यावर खुपसायचा एक जाड खिळा. कागदपत्रांचं त्यांनी काय केलं आणि आरटीओला काय सांगितलं, हे मी विचारलं नाही. तिची ती परदेशी नंबराची पाटी बघून पोलीस एवढे चक्रावायचे की थांबवायचं विसरून जायचे.

रविवारी सकाळी दादा गाडी बाहेर काढायचे. तिची किक पुढंमागं नाही, बाजूला. तिच्याशेजारी उभं राहून पाय बाहेर फेकायचा. सुरू झाली की ती जागच्या जागी अंग एका बाजूला हलवायची. आई म्हणायची, "मान डोलावती मेली." मग दादा मला टाकीवर पुढं बसवायचे आणि आम्ही फाट्यापर्यंत जायचो. अमानत आहे, चालू ठेवण्यापुरतीच फिरवायची, हा त्यांचा नियम. चकलांब्याचा रस्ता जिथून सरळ पुढं जातो त्या फाट्यावर ते थांबायचे, इंजिन बंद न करता. दसऱ्यानंतरचे दिवस असले तर ऊसतोडीला निघालेल्या माणसांच्या ट्रॉल्या समोरून जायच्या. वर भांडीकुंडी, कोंबड्या, गोधड्यांत गुंडाळलेली पोरं. त्यांचे हात आमच्या दिशेनं हलायचे. कापसाच्या रानावर धूळ सोन्यासारखी तरंगत राहायची आणि मला वाटायचं, जगात सगळे कुठंतरी चाललेत, आपणच तेवढे थांबलोय.

"इथनं पुढं काय आहे?" मी विचारायचे.

"सरळ गेलं की जर्मनी," दादा म्हणायचे. आणि गाडी वळवायचे.

आई त्या गाडीवर एकदाही बसली नाही. दादा दर रविवारी मागच्या सीटवर थाप मारून म्हणायचे, "बस की. फाट्यापत्तुर तर चल." ती हाताची घडी घालून उभी. "दुसऱ्याची वस्तू हाय. तुमाला चालवायला सांगितलीय, मला मिरवायला न्हाई सांगितलं." तिचं माहेर चकलांबा. ती तिथं एसटीनं जायची, एसटी नसली तर बैलगाडीनं, तीही नसली तर पायी. आणि जाताना त्या पत्र्याच्या खोलीवरूनच जायची. दादा कधीकधी तोंड उघडायचे, काहीतरी बोलणार असं वाटायचं, मग मिशीवरून हात फिरवून गप्प बसायचे. मला ते तिच्या हट्टापुढचं हरणं वाटायचं.

दहावीनंतरच्या सुट्टीत दादांनी मला ती चालवायला शिकवली. तीही फाट्यापर्यंतच.

दादांना जाऊन आता बारा-तेरा वर्षं झाली. त्यानंतर गाडी कुणी बाहेर काढली नाही. मी गेवराईत, माझं वय वाढलेलं, तिचं वजन म्हशीएवढं. पण आई ऐंशीकडं झुकली तशी ती एकाच गोष्टीवर अडून बसली. अमानत परत केल्याशिवाय आपण मरायचं नाही, आणि परत करायची तर चालू करूनच. मी जेवताना, भाजी निवडताना, फोनवर, सगळीकडं हेच ऐकत होते. शेवटी वैतागून मी गाडीचा एक फोटो काढला, परदेशी पाटीसकट, आणि जुन्या मोटारसायकलींच्या वेड्यांच्या एका ग्रुपवर टाकला. मला वाटलं, यातून काही निघायचं नाही आणि आईला सांगायला मोकळं होईल. महिन्याभरात एका जर्मन बाईचा मेसेज आला. वडील जिवंत आहेत, अंथरुणावर आहेत, त्यांनी फोटो बघितला, आणि भाकरी करणारी वहिनी अजून आहे का असं विचारताहेत.

आईला आनंद झाला असेल, पण तिनं दाखवला नाही. "आत्ता फोन लावू नगंस," ती म्हणाली. "गाडी बंद दिसली तर काय म्हणल त्यो? जितं जित्राब दिलं अन् मढं करून ठिवलं म्हणल."

म्हणून गेवराईहून मिस्त्री आणला. हा ट्रॅक्टरचा आणि पाण्याच्या इंजिनांचा मिस्त्री. जन्मात जर्मन गाडी बघितलेली नाही, पण तोंड असं चालवणार की त्यानंच ती बनवली. त्यानं किकवर पाय ठेवला. किक हलेना. उभा राहिला, नाचला, तरी हलेना. मग त्यानं एक बाजू उघडली, आत बोट घातलं, बाहेर काढून बघितलं आणि माझ्याकडं वळला.

"ताई, हिच्यात डिंक कुणी भरला?"

"डिंक कशाचा मेल्या," आई म्हणाली, "घाण्याचं करडीचं तेल हाय त्ये. दर दसऱ्याला घालते मी. कोरडी कशी ठिवायची?"

हे मला ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असली की दादा इंजिनाच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडायचे आणि आई नरसाळं धरायची. ते इंजिनाचं तेल असायचं. दादा गेल्यावर दर दसऱ्याला, शस्त्रांची आणि औजारांची पूजा झाली की ती एकटी त्या खोलीत जायची, खिळ्याची किल्ली टाकीवर ठेवून हळदीकुंकू वाहायची, आणि घरातलं सगळ्यात चांगलं तेल, जे देवाच्या दिव्याला आणि पाव्हण्याच्या ताटाला वापरायचं ते करडईचं तेल, दोन्ही बाजूंना ओतायची. चमच्यानं नाही, वाटीनं. दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं ठेवायचं? आणि करडईचं तेल साचून राहिलं की वाळतं, पिवळं चिकट कीट होतं.

आईनं मिस्त्रीचं बोट जवळ घेऊन बघितलं. नखानं खरवडून बघितलं.

"कढईच्या काठाला हेच असतंय," ती म्हणाली. "रोज घासते मी. मला कळाया नगं का? माज्याच हातानं मारली मी तिला."

त्या दिवशी ती जेवली नाही. मी समजूत घालायला गेले तर म्हणाली, तू वह्या तपास. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडते, तशी मिस्त्रीवर चिडले.

मिस्त्रीनं दोन्ही बाजूंना डिझेल भरून ठेवलं. रोज थोडं काढायचं, खरवडायचं, पुन्हा भरायचं. मध्ये एकदा तो लाकडी हातोडा घेऊन ठोकायला लागला तर आईनं त्याच्या मनगटावर चापट मारली. मग तो तिच्या परवानगीनं ठोकायला लागला. दिवाळी येऊन गेली. फाट्यावरून ट्रॉल्या जाऊन संपल्या. आणि एका सकाळी आत काहीतरी केसभर सरकलं. मिस्त्रीनं कीट पुसलं तर खालचं लोखंड आरशासारखं निघालं, गंजाचा ठिपका नाही.

"करडीच्या तेलानंच वाचली ही," मिस्त्री म्हणाला. "एवढे पावसाळे कोरडी असती तर सडली असती." हाच माणूस महिन्याआधी करडईनं गाडी खाल्ली म्हणून गावभर सांगत फिरत होता, आणि त्याच ठसक्यात.

"समजूत घालू नगं," आई म्हणाली. पण त्या दिवशी तिनं त्याला जेवायला वाढलं, आणि स्वतःही जेवली.

टायर, बॅटरी, तारा, ते सगळं झालं. सुरू करायच्या दिवशी आईनं डोक्यावरून पदर घेतला आणि अंगणात उभी राहिली. मिस्त्रीनं पाय बाहेर फेकला. काही नाही. पुन्हा. दहा-बारा वेळा काही नाही. मग एक खोकला, आणि दोन्ही नळ्यांतून पांढरा धूर, आणि त्या धुराला वास कशाचा, तर तळणाचा! उरलंसुरलं करडईचं तेल आत जळत होतं. सगळ्या शेताला सणाच्या दिवसाचा वास सुटला. शेजारच्या रानातून एका बाईनं ओरडून विचारलं, आज काय केलंय म्हणून. आणि धुराच्या मधोमध ती काळी गाडी खळ्यावर ज्वारी पाखडल्यासारखा आवाज करत मान डोलावत होती. मी डोळे मिटून घेतले. पुन्हा उघडले की वह्यांचा गठ्ठा दिसेल अशी मला भीती वाटली.

"लाव आता फोन," आई म्हणाली.

त्याआधी तिनं गाडीच्या मागची पेटी भरली. शाळू, गुळाचा खडा, करडईच्या तेलाची बाटली, पाव्हण्याच्या लेकीला हिरव्या बांगड्या. रिकामी पेटी परत द्यायची नाही म्हणून. हे सगळं जर्मनीला कसं जाणार, हा तिच्या लेखी माझा प्रश्न होता.

फोनच्या पडद्यावर उशीला टेकलेला एक पांढरा म्हातारा आला. डोळे पिवळे नव्हते, निळे होते. आईला तेच आधी दिसलं. मी फोन इंजिनाजवळ धरला. तो नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, "वैनी." तेवढा शब्द त्यानं सांभाळून ठेवलेला.

जर्मनी लांब आहे म्हणून आई ओरडूनच बोलली. "पाव्हणं! तुमची अमानत! चालू हाय, बघा! घिऊन जावा!"

मी इंग्रजीत सांगितलं, त्याच्या लेकीनं त्याला जर्मनमध्ये सांगितलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. दोघं आपसांत बोलले. मग ती म्हणाली, बाबा म्हणतात ही गाडी माझी नाही. मी ती देऊन टाकली होती. निघताना मुंबईत तुझ्या वडिलांच्या हातात किल्ली दिली आणि सांगितलं, ही आता तुमची. तुझे वडील रडायला लागले होते. बाबा म्हणतात, दोन महिने त्या घरानं मला ताट भरून दिलं. ताट रिकामं परत करायचं नसतं, हे वहिनीनंच शिकवलं होतं. माझ्याजवळ घालायला तेवढंच होतं.

हे मी आईला मराठीत सांगितलं.

आई गाडीकडं बघत राहिली. मग घरात गेली. भिंतीवर दादांचा फोटो आहे, त्यासमोर उभी राहिली. मी मागून गेले, म्हटलं आता रडेल. ती फोटोला म्हणाली, "लबाड." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "लबाड माणूस." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येतंय आणि हसतेय.

मला एकदम सगळे रविवार आठवले. गाडी आपली आहे असं कळलं असतं तर भावकीनं, पुढाऱ्यानं आणि नवरदेवांनी तिचा एका हंगामात चुरा केला असता, म्हणून अमानत. आणि आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिला सांगणं म्हणजे उमापूर आणि चकलांबा दोन्ही गावांना सांगणं. त्यामुळं जिला मागं बसवायची त्यांना सगळ्यात जास्त हौस, तिलाच खरं सांगता येईना. दर रविवारी सीटवर थाप मारायचे आणि मिशीवरून हात फिरवायचे. स्वतःच्याच खोटेपणाला धरून राहिले, म्हणून फाट्यापुढं तेही कधी गेले नाहीत. मला त्यांचा राग आला, आणि इतकी माया वाटली की काय करावं कळेना.

आई बाहेर आली तेव्हा पायात चप्पल होती. "चकलांब्याला जायचं," ती म्हणाली. "पेटी भरलेलीच हाय. भावाकडं दिऊ."

मी पुष्कळ आढेवेढे घेतले. तुझं वय, माझं वय, गाडीचं वय. ती ऐकायला तयार नव्हती. शेवटी मिस्त्रीनं तिला धरून मागच्या सीटवर एका अंगानं बसवलं आणि तो स्वतः आपल्या गाडीवरून मागं राहिला. मी क्लच दाबला तशी हाताला सगळी ओळख लागली. कापसाची वेचणी चालली होती. बायका कंबर सरळ करून बघत होत्या, आणि ऊन पातळ, पिवळं, दादांच्या रविवारांचंच होतं.

फाटा आला. माझं मलाही न कळता मी गाडी हळू केली, एक पाय खाली टेकवला आणि हँडल वळवायला लागले.

"कावून हळू केलीस?" आईनं विचारलं.

"फाटा आला ना. दादा इथूनच वळायचे."

मग तिचा हात माझ्या खांद्यावरून कमरेशी आला आणि तिनं घट्ट धरलं.

"आपली गाडी हाय," ती म्हणाली. "आपल्याला कावून वळायचं?"

मी सरळ घेतली.